माझा वर्गबंधू

आमचे चिरंजीव आठवीत गेल्यापासून मला गणित येत नाही. ते सातवीत असेपर्यंत बरं येत होतं. बाप बँकेत आहे म्हणजे त्याला गणित येणारच, अशी त्यांची भाबडी समजूत होती आणि मीही ती खोडून काढण्याची घाई केली नव्हती. आठवीत त्यांनी एक समीकरण माझ्यापुढे धरलं. "आधी हातपाय धुऊन ये," मी म्हणालो. हातपाय धुऊन आल्यावर त्यांनी तेच समीकरण पुन्हा धरलं, आणि समजूत संपली.

तेव्हा २०२५ साली माझ्या वाढदिवसाला त्यांनी, "बाबा, पंचेचाळीसचा वर्ग किती?" असं विचारलं, त्यात काहीतरी डाव असणार हे मी ओळखलं. बी.कॉम. झालेला माणूस वर्ग मनात करत नाही. मी मोबाइल उघडला आणि म्हणालो, "दोन हजार पंचवीस."

"आणि साल कोणतं चालू आहे?"

"दोन हजार पंच... अरे!"

"म्हणजे तुमचं वय ह्या सालाचं वर्गमूळ आहे!"

"कुणाच्या साल्याचं मूळ काढताय?" स्वयंपाकघरातून आवाज आला. सौभाग्यवतींना दोन सख्खे भाऊ आहेत. 'सालाचं'चं 'साल्याचं' ऐकू येणं हा त्यांच्या कानांचा दोष नव्हे. माझ्या पूर्वेतिहासाचा आहे.

चिरंजिवांनी मग वही उघडून हिशेब मांडला. आपल्या वयाचा वर्ग म्हणजेच चालू साल, हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. १८९२ साली जन्मलेले लोक १९३६ साली चव्वेचाळीस वर्षांचे झाले, त्यांना तो लाभला. त्यानंतर थेट आम्ही, १९८०चे. आमच्यानंतरचे अजून जन्मायचे आहेत. ते २०७० साली जन्मतील आणि २११६ साली सेहेचाळिशीत ही गंमत करतील. आयुष्यात प्रथमच मी अल्पसंख्य आणि विशेष असा कोणीतरी झालो होतो. १९८० साली जन्मलेले लोक ह्या देशात लाखांनी असतील, हे मी त्या दिवसापुरतं विसरलो.

"आणि १८९२च्या आधी?" मी विचारलं.

"१८०६. आमच्या सरांनी सांगितलं, त्या साली एक मोठा गणिती जन्मला होता. तो स्वतःचं वय असंच सांगायचा, की मी 'एक्स'च्या वर्गाच्या साली 'एक्स' वर्षांचा होतो. त्रेचाळीसचा वर्ग अठराशे एकोणपन्नास. ऑगस्टस डी मॉर्गन."

वर्ग जुळला म्हणून तो माझा वर्गबंधू. आता वर्गबंधू म्हटल्यावर त्याला अहोजाहो करायचं कारण नाही आणि त्याची चौकशी न करूनही चालायचं नाही. मी वाचनालय गाठलं आणि मिळेल ते वाचत सुटलो. वाचून उठलो तेव्हा, हा माणूस आपल्या वर्गात असता तर आपल्याला फार अवघड गेलं असतं, अशी माझी खात्री झाली.

हा साहेब जन्मला आपल्याकडे, मदुरेला. बाप कंपनी सरकारच्या मद्रास पलटणीत लेफ्टनंट कर्नल. जन्मानंतर थोड्याच दिवसांत पोराचा उजवा डोळा गेला, आणि सात महिन्यांचा असताना घरच्यांनी त्याला बोटीत घालून विलायतेला नेलं. दहा वर्षांचा असताना बापही गेला, तोही परतीच्या प्रवासात, सेंट हेलेना बेटाजवळ. एक डोळा नाही म्हणून शाळेत पोरं छळायची. एक कार्टं तर गुपचूप उजव्या बाजूला येऊन गालाशी चाकूचं टोक धरायचं आणि नावाने हाक मारायचं. हा वळला की टोक गालात. शेवटी एका मित्राच्या मदतीने त्याने त्या पोराला पकडलं आणि यथेच्छ बदडलं. मला हे वाचून बरं वाटलं. संतचरित्रांत नायक अशा वेळी क्षमा करतो आणि आपली पंचाईत होते.

पुढे केंब्रिज. १८२७ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत तो चौथा रँगलर आला. रँगलर हा शब्द आपल्याला परका नाही. आपले रघुनाथराव परांजपे १८९९ साली सीनिअर रँगलर झाले आणि तो शब्द त्यांच्या आडनावाला पुण्यात असा चिकटला, की काही लोकांना ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटे. डी मॉर्गनच्या वेळी मात्र नुसतं रँगलर होऊन भागत नव्हतं. पुढे एम.ए. व्हायचं, फेलो म्हणून कॉलेजात राहायचं, तर इंग्लंडच्या चर्चची तत्त्वं आपल्याला मान्य आहेत असं सहीनिशी लिहून द्यावं लागे.

डी मॉर्गनने सही केली नाही. तो नास्तिक होता असं नाही; घरचं वातावरण तर चांगलंच कर्मठ. पण देवाशी आपला काय व्यवहार आहे तो आपण बघू, त्याची पावती युनिव्हर्सिटीला का फाडून द्यायची, असा त्याचा हिशेब. झालं! एकवीस वर्षांच्या पोराची केंब्रिजची वाट बंद. जन्मभर तो नुसता बी.ए. राहिला. मीही नुसता बी.कॉम. राहिलो, पण त्याचं कारण तत्त्व नव्हतं, एम.कॉम.चा पहिला पेपर होता.

मी रोज किती सह्या करतो, म्हणून सांगू? व्हाउचरवर, रजिस्टरवर, 'वाचले व समजले' अशा सर्क्युलरवर. त्यातली वाचलेली किती आणि समजलेली किती, हे लिहायला लागलो तर बँकेला नवीन रजिस्टर उघडावं लागेल. सही न करणं हेही एक काम असतं, ही कल्पना मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली.

नशीब असं की त्याच सुमारास लंडनमध्ये एक नवी युनिव्हर्सिटी निघत होती. ती पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथे विद्यार्थ्याला किंवा मास्तराला 'तुझा धर्म कोणता' असं विचारायचंच नाही, हा नियम. विरोधकांनी तिला देव नसलेली संस्था म्हणून नावं ठेवली. तिथे १८२८ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, डी मॉर्गन गणिताचा प्रोफेसर झाला. त्या वयात मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं.

नोकरी मिळाली, तत्त्वही राहिलं. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तीन वर्षांनी, १८३१ साली, तिथल्या शरीरशास्त्राच्या प्रोफेसरविरुद्ध विद्यार्थ्यांनी ओरड केली. पॅटिसन त्याचं नाव. कौन्सिलने त्याला काढून टाकलं, आणि ठरावात वर असं घातलं की ह्यामुळे त्यांच्या चारित्र्यावर किंवा विद्वत्तेवर कसलाही ठपका येत नाही. पॅटिसन चांगलं शिकवायचा असं नाही. विद्यार्थ्यांच्या तक्रारीत तथ्य असेलही. पण ठपका नाही आणि काढलं मात्र, हे डी मॉर्गनच्या तर्कात बसेना. काही दोष न दाखवता ज्याला घालवता येतं त्याला मास्तर म्हणत नाहीत, हरकाम्या म्हणतात. त्याने लगेच राजीनामा दिला. वय वर्षं पंचवीस.

इथे मी पुस्तक मिटून गच्चीत जाऊन आलो.

त्याचं कारण सांगतो. सहा वर्षांपूर्वी आमच्या शाखेत माझ्या शेजारच्या काउंटरवर एक सहकारी होता. बँक कोणती, शाखा कोणती, ते विचारू नका; मला अजून तिथेच बसायचं आहे. त्या वर्षी आम्हाला विमा पॉलिसी खपवायचं टार्गेट होतं. एफडी मोडायला आलेल्या माणसाला अलगद आत केबिनमध्ये पाठवायचं आणि तिथून तो पॉलिसी घेऊन बाहेर यायचा, अशी ती व्यवस्था. एक दिवस सत्तरीच्या एक आजी आल्या. यजमान गेल्यानंतर मिळालेले पैसे होते. माझ्या ह्या सहकाऱ्याने त्यांना केबिनमध्ये पाठवलंच नाही. "आजी, ह्यात तुम्हाला पाच वर्षं दर वर्षी पैसे भरावे लागतील. तुमच्या कामाची नाही ही. एफडीच करा," असं सगळ्यांच्या देखत सांगून त्याने फॉर्म भरून घेतला.

पंधरा दिवसांत त्याची बदली आली, दुसऱ्या राज्यात. घरी आई अंथरुणाला खिळलेली. पत्रात लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोयीसाठी'. म्हणजे ठपका काही नाही!

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाच जण फार संतापलो होतो. एकाने तर डबा खाल्ला नाही. सगळ्यांनी मिळून वरच्या ऑफिसला पत्र द्यायचं ठरलं. मसुदा माझ्याकडे आला, कारण माझं मराठी बरं आहे असं सगळ्यांचं मत. मी म्हणालो, "बघू." हा शब्द आमच्या खात्यात फार उपयोगी आहे. त्याने कर्जही नाकारता येतं आणि मित्रही. घरी जाऊन मी पत्राऐवजी एकदम राजीनामाच लिहिला, चांगला दीड पानी, आणि एलआयसीच्या पावत्यांच्या फायलीत ठेवला. घराचा हप्ता, चिरंजिवांची फी, वडिलांची औषधं, हे सगळं त्याच फायलीत आहे. त्यामुळे त्याला सोबत बरी आहे.

असो. आपण लंडनला जाऊ.

राजीनाम्यानंतर पाच वर्षं डी मॉर्गनने शिकवण्या केल्या आणि लेखणीवर पोट भरलं. 'पेनी सायक्लोपीडिया' नावाचा एक स्वस्त ज्ञानकोश निघत होता, त्यात पुढेमागे सातशेहून अधिक लेख एकट्याने लिहिले. विमा कंपन्यांना हिशेबाचा सल्ला देणं हाही एक जोडधंदा. विम्याचं गणित सामान्य माणसाला कळावं म्हणून १८३८ साली एक पुस्तकही काढलं. विमेदाराला विमा समजावून सांगणारा माणूस! आमच्याकडे असता तर बदली ठरलेली.

१८३६ साली त्याच्या जागेवर आलेले प्रोफेसर समुद्रात बुडून वारले. कॉलेजने डी मॉर्गनला परत बोलावलं. मधल्या काळात प्रोफेसरांना संरक्षण देतील असे नियम बदलले होते, म्हणून तो गेला. मग सलग तीस वर्षं शिकवलं. त्याच्या हाताखालून गेलेल्यांत आम्हा कॉमर्सवाल्यांचे दोन जुने छळवादी आहेत. एक जेव्हन्स, ज्याची वस्तुविनिमयातली 'गरजांची दुहेरी जुळणी' मी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करत असे. आणि दुसरा बॅजट, ज्याने लंडनच्या सावकारपेठेवर ग्रंथ लिहिला. म्हणजे माझ्या एटीकेटीची मुळं पार गॉवर स्ट्रीटपर्यंत पोचतात.

लग्न केलं ते सोफिया फ्रेंडशी, १८३७ साली, चर्च सोडून रजिस्ट्रारसमोर. सासरा विल्यम फ्रेंड हाही एक नग होता. मतं छापली म्हणून केंब्रिजने त्यालाही बाहेरची वाट दाखवली होती. पण त्याचा खरा विशेष असा की तो वजा संख्या मानतच नसे. शून्यापेक्षा कमी असं काही जगात असूच शकत नाही, असं त्याने बीजगणिताच्या पुस्तकात ठासून लिहिलं. त्याने महिनाअखेरीचं पगारखातं पाहिलेलं नसावं.

जावई तसा हट्टी नव्हता. त्याने १८३१ साली एक सुंदर उदाहरण दिलं. बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ वर्षांचा. किती वर्षांनी बापाचं वय मुलाच्या दुप्पट होईल? समीकरण सोडवलं की उत्तर येतं वजा दोन. आता वजा दोन वर्षांनी म्हणजे काय? तर ती गोष्ट दोन वर्षांपूर्वी होऊन गेली. बाप ५४चा होता, मुलगा २७चा. उत्तर चुकलेलं नाही, प्रश्न चुकीच्या दिशेने विचारला होता. तो परत नीट मांडा, असं डी मॉर्गन म्हणतो. हे उदाहरण मी तीनदा वाचलं. का, ते शेवटी सांगतो.

त्याचं नाव आज घेतलं जातं ते दोन नियमांमुळे. कॉम्प्युटरवाल्यांना ते पाठ असतात. मला वाचून कळलं की आपण ते काउंटरवर बावीस वर्षं वापरतो आहोत. 'स्लिपवर सही आहे आणि तारीख आहे' हे खोटं असेल, तर 'सही तरी नाही किंवा तारीख तरी नाही'. आणि 'सही आहे किंवा अंगठा आहे' हे खोटं असेल, तर 'सहीही नाही आणि अंगठाही नाही'. नकार कंसात शिरला की 'आणि'चं 'किंवा' होतं आणि 'किंवा'चं 'आणि'. बस्स, एवढंच! मी हे खातेदारांवर खेकसून सांगत होतो, त्याने ते चिन्हांत मांडलं. कीर्तीत फरक पडतो तो असा.

विनोदाचं अंग तर होतंच. वर्तुळाचा चौकोन करून दाखवणारे विक्षिप्त लोक त्याच्या फार आवडीचे. लिव्हरपूलचा एक व्यापारी होता, त्याने वर्तुळाचा परीघ व्यासाच्या बरोबर सव्वातीन वजा अष्टमांश, म्हणजे ३.१२५ पट असतो असं जाहीर केलं आणि सगळ्या गणितज्ञांना पत्रं लिहून भंडावलं. अशा मंडळींवर डी मॉर्गनने जे खुसखुशीत लेख लिहिले, त्यांचं पुस्तक त्याच्या मागे १८७२ साली बायकोने काढलं.

पण म्हणून परक्या माणसाच्या कामाला हसायचं, असं नाही. १८५० साली दिल्ली कॉलेजातले एक मास्तर, रामचंद्र त्यांचं नाव, ह्यांनी पदरचे पैसे घालून कलकत्त्याला एक पुस्तक छापलं. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान किंमत काढायची उदाहरणं कलनशास्त्र न वापरता, साध्या बीजगणिताने सोडवून दाखवली होती. कलकत्त्याच्या पत्रांनी टिंगल केली. एक प्रत लंडनला डी मॉर्गनकडे गेली. त्याने ती वाचली, पूर्ण वाचली, आणि कंपनीच्या डायरेक्टरांकडे शिफारस केली. रामचंद्रांना खिलत आणि दोन हजार रुपये मिळाले, आणि १८५९ साली डी मॉर्गनच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक लंडनला पुन्हा छापून निघालं. लिहिणारा कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, हे त्याने वजनात धरलं नाही. तराजूत फक्त पुस्तक.

आमच्या धंद्याच्या जवळचं त्याचं काम म्हणजे दशमान नाणी. तेव्हा इंग्लंडात वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सांचा शिलिंग. म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं, त्यांना रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै तोंडपाठ. पावकी, निमकी, पाऊणकी ते झोपेत म्हणत. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात हे कळल्यावर, वरचा पाव पैसा सरकार कोणाच्या खिशात घालतं, ह्या प्रश्नाने ते मरेपर्यंत अस्वस्थ होते. डी मॉर्गन मात्र १८४० नंतर सारखा सांगत होता, की पौंडाचे हजार भाग करा आणि पोरांची पाढ्यांतून सुटका करा. सरकारने १८४९ साली पौंडाच्या दहाव्या हिश्शाचं एक नाणं काढूनही पाहिलं. पण त्यावर राणीच्या नावापुढे 'देवाच्या कृपेने' हे शब्द घालायचे राहिले, आणि लोकांनी त्याला देव नसलेलं नाणं म्हणून नावं ठेवली. देव नसलेल्या कॉलेजात देव नसलेलं नाणं. आणि साल तेच, एक्सच्या वर्गाचं!

पुढे कमिशन बसलं. कमिशनवर लॉर्ड ओव्हरस्टोन नावाचे एक गडगंज बँकर होते. त्यांना ही दशमान भानगड पसंत नव्हती. १८५९ साली शेवटचा अहवाल आला, त्याचा मथितार्थ, आहे ते बरं आहे. बँकेतल्या माणसाने 'बघू' म्हटलं की किती वर्षं जातात, त्याचा हा नमुना. इंग्लंडने दशमान नाणी घेतली ती १५ फेब्रुवारी १९७१ला.

आता दुसरा राजीनामा.

१८६६ साली कॉलेजात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राची जागा रिकामी झाली. जेम्स मार्टिनो हा त्या जागेला सर्वांत लायक, असं प्रोफेसरमंडळींचं मत पडलं. पण तो युनिटेरियन पंथाचा नावाजलेला धर्मोपदेशक. कौन्सिल म्हणालं, अशा ठळक पंथाचा माणूस घेतला तर आपल्या संस्थेची धर्मनिरपेक्षता बिघडेल. म्हणून घेतलं नाही.

वरवर हे किती शहाणपणाचं दिसतं! मला तरी दिसलं असतं. डी मॉर्गनला त्यातली मेख दिसली. आम्ही धर्म विचारणार नाही, हा संस्थेचा शब्द. धर्म पाहून माणूस घेतला तर शब्द मोडतो. आणि धर्म पाहून माणूस नाकारला तरी तो तेवढाच मोडतो. नकार आत शिरला म्हणून खोट्याचं खरं होत नाही. ज्या नियमासाठी त्याने केंब्रिज सोडलं होतं, तो नियमच इथे मेला होता. साठ वर्षांच्या माणसाने राजीनामा लिहिला. तीस वर्षांची नोकरी, मोठा संसार, पुस्तकांखेरीज दौलत नाही. जुने विद्यार्थी म्हणाले, निदान कॉलेजसाठी तुमचा अर्धपुतळा करून घेऊ. तो नको म्हणाला. जे आपलं कॉलेज होतं ते आता राहिलंच नाही, मग पुतळा ठेवायचा कुठे?

त्यानंतरची पानं वाचवत नाहीत. आदल्याच वर्षी त्याचा मुलगा जॉर्ज आणि एक मित्र ह्यांनी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी काढली होती आणि बाप तिचा पहिला अध्यक्ष झाला होता. तो जॉर्ज १८६७ साली गेला. १८७० साली एक मुलगी गेली. १८ मार्च १८७१ला डी मॉर्गन गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी पार्लमेंटने कायदा करून केंब्रिज-ऑक्सफर्डच्या त्या धर्माच्या अटी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर पुढे आपले रँगलर परांजपे तिथे फेलो झाले नसते.

आणि त्याची पुस्तकं? साडेतीन हजारांच्या वर ग्रंथ. गरिबीत, एकेक करून, जुन्या बाजारात घासाघीस करून जमवलेले. कित्येकांच्या कोऱ्या पानांवर त्याचे स्वतःचे शेरे. ते सगळे एका माणसाने विकत घेतले आणि लंडन युनिव्हर्सिटीला देऊन टाकले. तिचं ग्रंथालय त्यावर उभं राहिलं. तो माणूस म्हणजे लॉर्ड ओव्हरस्टोन. होय, तेच बँकर. जन्मभर ज्याच्या नाण्यांना विरोध केला, त्याची पुस्तकं मात्र फुटू दिली नाहीत. मला बँकिंग धंद्याबद्दल बऱ्याच दिवसांनी अभिमान वाटला.

हे सगळं मी एका रविवारी चिरंजिवांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही कधी राजीनामा दिलाय?"

"लिहिलाय," मी म्हणालो.

"कधी देणार?"

मी पुन्हा 'हातपाय धुऊन ये' म्हणणार होतो, पण नुकतीच त्यांची आंघोळ झाली होती. मनात मात्र समीकरण सुटलं. उत्तर आलं वजा सहा. तो द्यायचा दिवस सहा वर्षांपूर्वी होऊन गेला. माझा तो सहकारी दर दिवाळीला फोन करतो, आईच्या आठवणी सांगतो, माझ्या पोराची चौकशी करतो, आणि तो विषय एकदाही काढत नाही. काढला असता तर बरं झालं असतं. सासरे फ्रेंड म्हणाले असते, वजा उत्तर असूच शकत नाही, विसरून जा. जावई म्हणतो, प्रश्न परत नीट मांडा.

मी परत मांडला. राजीनामा द्यायला मी डी मॉर्गन नाही, आणि मला पुस्तकं विकत घेणारा लॉर्डही मिळणार नाही. माझ्याकडे सगळी मिळून साठ पुस्तकं आहेत, त्यातली आठ वाचनालयाची. पण त्याच आठवड्यात काउंटरवर एक बाई आल्या. हातात मुदत संपलेल्या एफडीची पावती. केबिनच्या काचेवर टार्गेटचा तक्ता लावलेला होता. मी त्यांना म्हणालो, "बाई, हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत? आत ते जो कागद दाखवतील तो घरी नेऊन मुलीला वाचायला द्या, आणि तोवर इथे एफडी करा." आवाज जरा मोठाच लागला असावा. शेजारच्या काउंटरवरची नवी मुलगी टाइप करायची थांबली.

बाईंनी एफडी केली. बदलीचं पत्र अजून आलेलं नाही. पण संध्याकाळी हे घरी सांगितल्यावर सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी माळ्यावरची मोठी बॅग काढली, पुसली आणि दाराशी आणून ठेवली.